सान्तोरिओची खुर्ची आणि घरचा वजनकांटा

आपलें वजन किती आहे हें जाणून घेण्याची हौस बहुतेकांना असते. पण तें नेमकें कसें जाणावें, याचा विचार फार थोडे लोक करतात. शहरांतील पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या दाराशीं एक बुटका चौकोनी वजनकांटा ठेवलेला असतो. घरचा कर्ता पुरुष सकाळीं त्यावर उभा राहतो, तेव्हां ६४ किलो भरतात. संध्याकाळीं ६५ किलो ४०० ग्रॅम भरतात. कांटा दुसऱ्या खोलींत नेऊन गालिच्यावर ठेवला, तर आणखी तिसराच आंकडा येतो. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कांटा बिघडला. दुसरा म्हणतो, जेवण अंमळ जास्त झालें. दोहोंपैकीं खरें कोणाचें, हें ठरविण्याचें साधन मात्र कोणाच पक्षापाशीं नसतें.

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, आणि नवा तर नाहींच. सुमारें चारशें वर्षांपूर्वीं इटलींतील एका वैद्यानें त्याच्या पायीं आपल्या आयुष्याचीं अनेक वर्षें खर्चिलीं. त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्या संशोधकांच्या खटपटीचा इतिहास पाहिला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते: वजनाचा आंकडा भरंवशाचा होतो, तो यंत्राच्या किमतीमुळें नव्हे, तोलणाराच्या नेमामुळें होतो.

माणसाला पारड्यांत बसविण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. पुराणांनीं तुलापुरुषाची गणना महादानांत केली आहे. मोगल बादशहा अकबर यानें ही चाल उचलली आणि त्याचा पुत्र जहांगीर यानें ती पुढें चालविली. इ. स. १६१७ मध्यें मांडू येथें इंग्रज वकील सर टॉमस रो यानें जहांगिराच्या तुलेचा समारंभ स्वतः पाहिला. बादशहा मांडी घालून एका पारड्यांत बसला आणि दुसऱ्या पारड्यांत थैल्या चढूं लागल्या. त्यांत सोनें आणि रत्नें आहेत असें रोला सांगण्यांत आलें. पण थैल्या बंद असल्यामुळें आंत खडे असते तरी आपणांस कळलें नसतें, असा शेरा त्यानें आपल्या रोजनिशींत मारून ठेवला. पुढें १६७४ मध्यें रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकप्रसंगींहि सुवर्णतुला झाली. त्या वेळीं गडावर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानें ती सुमारें १६,००० होनांची झाल्याचें लिहिलें आहे.

या सर्व समारंभांत माणसाचें वजन हें दानाचें माप होतें. राजा अंगावरील वस्त्रांसह आणि अलंकारांसह पारड्यांत बसला, तरी त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें; उलट दान घेणाराचा लाभच होत होता. गेल्या वर्षाच्या वजनाशीं यंदाचें वजन ताडून पाहावें, असें कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. एकदां तोललें, वांटलें आणि संपलें. तोलण्यांत एकवाक्यता हवी, ही गरज तेव्हांच उत्पन्न होते, जेव्हां एक वजन दुसऱ्या वजनाशेजारीं ठेवून त्यांतून कांहीं निष्कर्ष काढावयाचा असतो.

जहांगीर हिंदुस्थानांत राज्य करीत होता, त्याच काळांत इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत सान्तोरिओ नांवाचा एक प्राध्यापक वैद्यकशास्त्र शिकवीत होता. त्याचा जन्म १५६१ मध्यें कापोदिस्त्रिया या गांवीं झाला. हें गांव तेव्हां व्हेनिसच्या प्रजासत्ताकांत मोडत असे. आज तें कोपर या नांवानें स्लोव्हेनिया देशांत आहे. सान्तोरिओचें शिक्षण पादुआंतच झालें. पुढें व्हेनिस येथें वैद्यकी करीत असतां १६११ मध्यें त्याला पादुआच्या विद्यापीठांत अध्यापनासाठीं बोलावणें आलें. प्रसिद्ध ज्योतिषी गॅलिलिओ याच्याशीं त्याचा परिचय होता.

त्या काळचे वैद्य नाडी जलद आहे कीं मंद, अंग ऊन आहे कीं गार, हें हातानें चांचपून सांगत. त्यामुळें दोन वैद्य आले कीं तीन मतें पडत. सान्तोरिओला हें खपत नसे. नाडीसाठीं त्यानें दोरीला टांगलेला लंबक वापरला. दोरी आंखूड किंवा लांब करून लंबकाचा झोका नाडीच्या ठोक्याशीं जुळविला, म्हणजे दोरीची लांबी हेंच नाडीचें माप होई. अंगाची उष्णता पाहण्यासाठीं त्यानें कांचेच्या नळीला मोजपट्टी जोडली. या सर्व खटपटींत त्याचा हेतु एकच होता: आज जें पाहिलें तें उद्यां पाहिलेल्याशीं ताडतां आलें पाहिजे.

याच हेतूनें त्यानें आपली सुप्रसिद्ध खुर्ची तयार केली. तिचें चित्र त्यानें १६२५ मध्यें छापलेल्या एका टीकाग्रंथांत दिलें आहे. एक बाजू आंखूड आणि दुसरी लांब अशी एक दांडी वरच्या तुळयांना टांगलेली होती. आंखूड बाजूला खुर्ची लोंबत असे आणि लांब बाजूवर एक वजन मागेंपुढें सरकवितां येई. खुर्ची जमिनीपासून जेमतेम बोटभर वर असे. जेवणाला बसण्यापूर्वीं किती अन्न घ्यावयाचें तें ठरवून त्या खुणेवर वजन लावून ठेवीत. तेवढें अन्न पोटांत गेलें कीं खुर्ची अलगद खालीं येई, आणि आतां हात आवरावा अशी ती जेवणाराला सूचना असे.

परंतु खुर्चीचें खरें काम याहून मोठें होतें. व्यापारी जसा जमाखर्चाचा मेळ घालतो, तसा सान्तोरिओनें शरीराचा मेळ घालून पाहिला. जें खाल्लें-प्यालें तें जमेच्या बाजूस. मलमूत्र खर्चाच्या बाजूस. दोहोंचें वजन करून शरीराचें वजन पाहिलें, तर मेळ बसेना. जमा पुष्कळ, दिसणारा खर्च थोडा, आणि तरीहि वजन वाढलेलें नाहीं! तेव्हां जो खर्च डोळ्यांना दिसत नाहीं, तो त्वचेवाटे आणि श्वासावाटे होत असला पाहिजे, असें त्यानें अनुमान केलें. एका दिवसांत आठ पौंड अन्नपाणी घेणाऱ्या माणसाच्या शरीरांतून पांच पौंड अशा अदृश्य रूपानें निघून जातात, असा त्याचा प्रसिद्ध सिद्धांत आहे. हे सर्व निष्कर्ष त्यानें १६१४ मध्यें व्हेनिस येथें छापलेल्या एका लहानशा लॅटिन ग्रंथांत सूत्ररूपानें मांडले. हवापाणी, अन्नपान, निद्रा व जागरण, व्यायाम व विश्रांति, मनाचे विकार यांचा वजनावर काय परिणाम होतो, याचा विचार त्यांत प्रकरणवार केला आहे. पुढल्या वर्षीं गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रांत, आपण पंचवीस वर्षें हे प्रयोग करीत आहों, असें त्यानें कळविलें.

या ग्रंथांतील एक सूत्र तर न्हाणीघरांतील वजनकांट्यावर चिकटवून ठेवण्याच्या योग्यतेचें आहे. त्याचा आशय असा कीं, जेवणानंतर पहिल्या पांच तासांत सुमारें एक पौंड अदृश्य खर्च होतो. पांचव्या तासापासून बाराव्यापर्यंत सुमारें तीन पौंड होतो. आणि त्यापुढें सोळाव्या तासापर्यंत अर्धा पौंडहि होत नाहीं. आंकडे आज कोणी जसेच्या तसे मानणार नाहीं. पण त्यांतील मर्म अबाधित आहे. शरीराचें वजन ही स्थिर वस्तु नाहीं. तें तासातासाला बदलतें. मग सकाळचा आणि संध्याकाळचा आंकडा निराळा आला, तर त्यांत कांट्याचा अपराध कोणता? पेलाभर पाणी प्यालें कीं पाव किलो वाढला. रात्रभर झोंप घेतली कीं सुमारें अर्धा किलो श्वास आणि घाम यांच्या वाटेनें गेला. निरोगी प्रौढ माणसाचें वजन एका दिवसांत एक-दोन किलोंनीं खालींवर होणें हें स्वाभाविक आहे.

सान्तोरिओच्या आंकड्यांना आणखी एक अडचण होती, ती मापांची. त्या वेळीं व्हेनिसमध्यें दोन पौंड चालत. हलका पौंड सुमारें ३०१ ग्रॅमचा आणि जड पौंड सुमारें ४७७ ग्रॅमचा. आठ पौंड म्हणजे हलक्या मापानें अडीच किलोच्या आंत आणि जड मापानें पावणेचार किलोंच्या पुढें! आपल्याकडील जुन्या लोकांना हा घोटाळा परका वाटणार नाहीं. मुंबईचा जुना शेर सुमारें २८ तोळ्यांचा आणि सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, तेव्हां कोठें हा गोंधळ संपला. पण सान्तोरिओच्या सिद्धांताला यानें बाध येत नाहीं. पौंड कोणताहि घ्या, आठांतले पांच हें प्रमाण तेंच राहतें. एकाच मापानें, एकाच खुर्चींत, एकाच पद्धतीनें तोललें म्हणजे मापाचा दोषहि निरुपद्रवी होतो, हा धडा यांत आहे.

तथापि या वैद्याच्या कार्यांत एक मोठी उणीव राहिली. त्यानें सूत्रें छापलीं, पण रोजच्या वजनांचीं कोष्टकें छापलीं नाहींत. वाचकानें निष्कर्षावर विश्वास ठेवावा. पडताळा पाहण्याचें साधन त्याच्या हातीं नव्हतें. ही उणीव पुढच्या शतकांत दोघांनीं भरून काढली. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन येथील वैद्य जेम्स कील यानें स्वतःला तोलून आपल्या नोंदींचीं कोष्टकें १७१८ मध्यें प्रसिद्ध केलीं. त्याच्या हिशेबांत अदृश्य खर्चापेक्षां मूत्राचा खर्च अधिक निघाला. म्हणजे सान्तोरिओच्या अगदीं उलट. दुसरा जॉन लायनिंग. हा मूळचा स्कॉटलंडचा. अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना प्रांतांत चार्ल्सटन येथें तो वैद्यकी करी. तेथें ठराविक ऋतूंत ज्वरांच्या साथी येत. त्यांचें कारण हवेंत आहे कीं शरीरांत, हें त्याला शोधावयाचें होतें. १७४० पासून वर्षभर त्यानें रोज आपलें वजन, खाणें-पिणें, मलमूत्र आणि त्याबरोबरच हवेची उष्णता व आर्द्रता यांची टांचणें ठेविलीं आणि तीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडलीं. त्यांवरून उन्हाळ्यांत घामाचा आणि हिवाळ्यांत मूत्राचा खर्च वाढतो, हें दिसून आलें. पादुआचा, नॉर्दम्प्टनचा आणि चार्ल्सटनचा आंकडा जुळत नव्हता, त्याचें एक कारण तिघांच्या हवामानांतहि होतें. तिघेहि आपापल्या जागीं प्रामाणिक होते.

अदृश्य खर्चाचा उलगडा १७९० च्या सुमारास पॅरिस येथें झाला. रसायनशास्त्राचा प्रवर्तक लाव्हाझिए यानें आपला सहकारी सेगँ याला हवाबंद रेशमी पिशवींत उभें केलें. श्वासोच्छ्वास मात्र तोंडाशीं बसविलेल्या नळीनें बाहेर होई. पिशवीसह वजन करून आणि पिशवीवेगळें वजन करून, त्वचेवाटे किती गेलें आणि फुप्फुसांवाटे किती गेलें, हें त्यांनीं निरनिराळें काढलें. श्वासाबरोबर पाण्याची वाफ जाते आणि अन्नांतील कार्बनहि वायुरूपानें निघून जातो, हें त्यामुळें हिशेबांत आलें. हें काम चालू असतांच राज्यक्रांतीचा वणवा भडकला आणि १७९४ मध्यें लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

विद्वानांच्या प्रयोगशाळेबाहेर, एका दुकानांत, याच विषयाचा एक मौजेचा दफ्तरखाना तयार होत होता. लंडनमधील सेंट जेम्स रस्त्यावर बेरी यांची पेढी आहे. तेथें कॉफीचीं पोतीं तोलण्याचा एक मोठा कांटा होता. १७६५ पासून तेथील गिऱ्हाइकें हौसेनें त्यावर बसूं लागलीं आणि दुकानदार त्यांचीं वजनें वहींत मांडूं लागला. कवि बायरन याचें वजन १८०६ मध्यें १९४ पौंड आणि १८११ मध्यें सुमारें १३७ पौंड भरल्याची नोंद तेथें आहे. या वह्यांचा विशेष असा कीं, पायांत बूट होते कीं नाहीं, यासारख्या गोष्टीहि वजनाशेजारीं टिपलेल्या आढळतात. त्या कारकुनाला शास्त्र ठाऊक नसेल. पण बुटांचें वजन माणसाच्या नांवावर चढूं नये, एवढी व्यवहारबुद्धि त्याच्यापाशीं होती. तिचें फळ पुढें मिळालें. फ्रान्सिस गॉल्टन यानें १८८४ मध्यें याच वह्यांवरून तीन पिढ्यांतील इंग्रज उमरावांच्या वजनांची तुलना करून एक निबंध लिहिला. एकाच जागेचा कांटा आणि एकाच धाटणीची नोंद नसती, तर शंभर वर्षांच्या त्या आंकड्यांचें मोल रद्दीपलीकडे झालें नसतें.

येथपर्यंतचे कांटे दांडीचे होते. घरच्या कांट्याची जात निराळी आहे. स्प्रिंग जितक्या जोरानें ओढावी तितकी ती लांबते, हा नियम इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यानें १६७८ मध्यें प्रसिद्ध केला. न्हाणीघरांतील जुन्या धर्तीच्या कांट्याचा जीव या नियमांत आहे. वरचा पत्रा चार कोपऱ्यांशीं तरफांवर टेकलेला असतो. त्या तरफा माणसाचा भार थोडा करून एका स्प्रिंगवर आणतात, आणि स्प्रिंग जितकी ताणली जाईल तितकी आंकड्यांची तबकडी फिरते. नव्या विजेरी कांट्यांत बहुधा चार पायांशीं धातूच्या लहान पट्ट्या असतात. त्या भारानें केंसभर वांकल्या कीं त्यांवरील तारेचा विद्युत् रोध बदलतो आणि त्यावरून आंकडा निघतो. ही युक्ति १९३८ मध्यें अमेरिकेंत सिमन्स आणि रूज या दोघांनीं स्वतंत्रपणें शोधून काढली.

हें अंतरंग कळलें म्हणजे कांट्याचा लहरीपणा लहर राहत नाहीं. मऊ गालिच्यावर कांट्याचें बूड दबतें, क्वचित् गालिच्यालाच टेकतें, आणि कांहीं भार तरफांना चुकवून परभारें जमिनीला मिळतो. फरशी उंचसखल असली तर एक पाय अधांतरीं राहतो. माणूस टोंचांवर किंवा एका कडेला उभा राहिला तर भार सारखा वांटला जात नाहीं. म्हणून कांट्याची जागा कठीण, सपाट आणि कायमची एकच असावी. तो उचलून खोलोखोलीं फिरवूं नये. उभें राहण्यापूर्वीं शून्य पाहावें. दोन्ही पाय मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून हालचाल थांबवावी. वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर आणि कांहीं खाण्यापूर्वींची उत्तम. कपडे तेच, किंवा तितकेच हलके असावेत.

येथें एका फसवणुकीपासून सावध राहिलें पाहिजे. कांहीं विजेरी कांटे मागचा आंकडा स्मरणांत ठेवतात आणि नवें वजन त्याच्या फार जवळ असलें तर जुनाच आंकडा पुन्हां दाखवितात. पाहणाराला वाटतें, काय अचूक यंत्र आहे! पण ही एकवाक्यता टॉमस रोनें पाहिलेल्या बंद थैल्यांसारखी आहे. थैली उघडण्याचा उपाय सोपा आहे. एकदां नुसतें उभें राहावें आणि लगेच पीठाची पांच किलोंची बंद पिशवी हातांत घेऊन उभें राहावें. आंकडा पांचानेंच वाढला, तर फरक ओळखण्यापुरता कांटा खरा. याउलट, एखादा कांटा दररोज एक किलो अधिक दाखवीत असला, पण नेमानें तेवढाच अधिक दाखवीत असला, तर तो टाकून देण्याचें कारण नाहीं. सान्तोरिओचा पौंड कोणताहि असला तरी आठांतले पांच चुकत नव्हते, तसेंच हें आहे.

इतकी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. केवळ बारीक दिसण्याच्या हौसेसाठीं असेल, तर कदाचित् नकोहि. पण ज्या घरांत हृदयाच्या दुर्बलतेनें आजारी असलेलें माणूस आहे, तेथें गोष्ट वेगळी आहे. अशा रोग्यांना डॉक्टर रोज सकाळीं वजन टिपून ठेवण्यास सांगतात. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढलें, तर ती चरबी नसते; शरीरांत पाणी सांचत असतें, आणि पायांवर सूज दिसण्याच्या किंवा धाप लागण्याच्या आधींच वहींतील आंकडे तें सांगूं शकतात. मात्र काल गालिच्यावर, आज फरशीवर, काल उपाशीं, आज जेवून, असें तोललें असेल, तर हे दोन किलो खरे कीं खोटे, हें कोण ओळखणार? खोट्या आंकड्यानें घरांत घबराट होईल, किंवा खरा आंकडा कांट्याच्या माथीं मारून दुर्लक्षिला जाईल. आणि या दुसऱ्या चुकीची भरपाई पुष्कळदां करतां येत नाहीं.

म्हणून एका दिवसाच्या आंकड्यावर हर्ष करूं नये आणि खेदहि करूं नये. आठवड्याच्या आंकड्यांची सरासरी काढावी आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशेजारीं ठेवावी. त्यांतून जो कल दिसेल तोच खरा धरावा. मात्र रोग्याच्या बाबतींत दोन-तीन दिवसांची एकाएकीं वाढ दिसली, तर सरासरीची वाट न पाहतां डॉक्टरांना कळवावें. सान्तोरिओपाशीं विजेची तार नव्हती आणि स्प्रिंगहि नव्हती. तुळईला टांगलेली एक खुर्ची, सरकतें वजन आणि पंचवीस वर्षांचा न मोडलेला नेम, एवढीच त्याची सामग्री होती. आज त्या खुर्चीहून कितीतरी नाजूक यंत्र घरोघर पडलेलें आहे. त्याच्याशेजारीं एक वही आणि एक पेन्सिल ठेवावी, आणि ज्या दिवशीं वेळ, जागा किंवा कपडे बदलले असतील, त्या दिवशीं लंडनच्या त्या कारकुनाप्रमाणें तेंहि आंकड्यापुढें लिहून ठेवावें.